नाव छापायचं कशावर? छोट्या धंद्याच्या भेटवस्तूंचा हिशेब

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या घरातली भांड्यांची मांडणी बघा. एखाद्या तांब्यावर ‘मामाकडून सप्रेम भेट’, एखाद्या पातेल्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं टिंबाटिंबांनी कोरलेलं सापडतंच. भांडं वीस-तीस वर्षं रोज हातात येतं आणि मामाचं नाव रोज डोळ्यांखालून जातं. भांड्यांच्या दुकानातलं नाव घालायचं ते टर्र करणारं छोटं यंत्र ज्यानं पाहिलंय, त्याला ‘प्रमोशनल प्रॉडक्ट’ हा प्रकार निम्मा कळलेलाच आहे. मामाच्या जागी दुकानाचं नाव येतं, आणि भेट देणाऱ्याची अपेक्षा थोडी उघड असते, एवढंच.

धंद्यासाठी ही युक्ती वापरल्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन गावची. १८८० च्या दशकात तिथं जॅस्पर मीक नावाचा एक वर्तमानपत्रवाला होता. छपाईचं यंत्र सगळा दिवस काही चालत नसे. त्यानं ओळखीच्या बुटाच्या दुकानदाराला सुचवलं की तागाच्या दप्तरांवर ‘कँटवेलचे बूट घ्या’ असं छापू आणि दुकानात येणाऱ्या पोरांना ती फुकट देऊ. पोरं दप्तर घेऊन गावभर फिरली. यात हुशारी छपाईची नव्हती. दप्तर रोज शाळेत जातं, रोज घरी येतं, आणि पोरांच्या पायात बूट घालणारे आईबाप ते रोज उचलून ठेवतात. जाहिरात बरोबर त्या माणसाच्या हातात पोचली, ज्याच्या खिशात पैसे होते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. वस्तू दिसायला कशी आहे, महाग आहे की स्वस्त, हे नंतर बघू. पहिला प्रश्न असा, की ही वस्तू दिल्यानंतर कुठे राहणार? जिथे तुमच्या कामाची गरज पडते त्या जागी ती राहिली तर साध्या कागदाचंही सोनं होतं. तिथे नाही राहिली तर चारशे रुपयांची स्टीलची बाटलीही नुसती बाटलीच.

आता हे सोलापुरावर बसवून बघू.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. घराघरात हौद, टाकी आणि मोटार. पाणी कधी आलं होतं आणि पुढचा नंबर कधी, हे घरातल्या बाईला तोंडपाठ ठेवावं लागतं किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं गोल करावा लागतो. समजा तुमचं मोटार रिवाइंडिंगचं किंवा प्लंबिंगचं दुकान आहे. दिवाळीला तुम्ही देवाच्या फोटोचं चकचकीत कॅलेंडर वाटलं, तर ते त्या घरात आलेलं चौथं कॅलेंडर असेल आणि गुंडाळलेलंच माळ्यावर जाईल. त्याऐवजी हातभर लांबीचा एकच कागद करा. बारा महिने, प्रत्येक तारखेपुढे एक मोकळा चौकोन, वर ठळक अक्षरात ‘पाणी आलं तो दिवस’, खाली तुमचा नंबर आणि ‘मोटार बंद पडली तर’ एवढे चार शब्द. जाडसर कागद, वर लॅमिनेशन नको, कारण लॅमिनेशनवर साधं पेन उमटत नाही. वर एक भोक, दोरीसकट. हा कागद मोटारीच्या बटणाशेजारी लागेल. ज्या सकाळी नळाला पाणी आलंय आणि मोटार नुसतीच गुणगुणतेय, उचलत नाही, त्या सकाळी त्या घरातला माणूस मोबाइलवर शोधत बसणार नाही. नंबर समोरच असेल.

चौकात लागलेल्या मोठ्या फ्लेक्सला हे जमत नाही. फ्लेक्स सगळ्यांना दिसतो, पण ज्याची मोटार आज बंद पडली त्याला आज दिसेलच असं नाही. शिवाय आपल्या चौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या इतक्या फलकांची गर्दी असते, की त्यात दुकानाचा फलक म्हणजे आणखी एक हसरा फोटो. फ्लेक्सचं काम वेगळं आहे. नवीन दुकान उघडलंय, सेल लागलाय, हे एका झटक्यात सांगायचं असेल तर फ्लेक्स बरा. आठवणीत राहायचं असेल तर वस्तू.

हाच नियम इतरांना लावा. शाळेच्या गणवेशाचं दुकान असेल तर मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटणारं वेळापत्रक द्या. वर्षभर तासांची नावं मुलं स्वतःच त्यात लिहितील आणि जून जवळ आला की आईला दुकान आठवेल. मेसच्या डब्याचा धंदा असेल तर डब्याची पिशवीच तुमची जाहिरात आहे. ती ऑफिसात दहा टेबलांवरून फिरते, तिच्यावर नाव नाही हेच नवल. दुचाकीच्या गॅरेजला किल्लीची साखळी, दातांच्या डॉक्टरांना टूथब्रश ठेवायचा छोटा स्टँड, शेंगा चटणी विकणाऱ्या ताईंना घट्ट झाकणाची बरणी. बरणी रिकामी झाली की तिच्यावरचं नाव बघूनच पुन्हा मागणी येणार, कारण दुसरी कुठली आठवण करून द्यायची गरजच नाही.

आणि जिथे हा नियम मोडतो तेही बघा. आषाढीच्या वारीत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते. पुष्कळ दुकानदार त्यावेळी नाव छापलेल्या टोप्या, पंखे, पिशव्या वाटतात. वारकऱ्यांची सेवा म्हणून जरूर वाटा. पण विदर्भातून चालत आलेले बाबा ती टोपी घालून परत गावी जाणार, ते तुमच्याकडे मिक्सर दुरुस्तीला येणार नाहीत. तो खर्च जाहिरातीच्या खात्यात धरू नका, धर्मादायात धरा. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, वस्तू वाटायच्या असतील तरी तोच विचार. गर्दीत शहरातला माणूस असतो, पण हातात मूल, खांद्यावर पिशवी आणि तोंडात काहीतरी असतं. दिलेली वस्तू घरापर्यंत जाईल याची खात्री नाही. नेहमीच्या दोनशे गिऱ्हाइकांना हातात दिलेली वस्तू गर्दीत उधळलेल्या दोन हजारांपेक्षा जास्त टिकते, असं मला वाटतं, कारण ती देताना तुम्ही दोन शब्द बोलता.

विणलेलं नाव आणि छापलेलं नाव

आता सोलापूरकराच्या हातात असलेली, बाहेरच्याला सहज न मिळणारी गोष्ट. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. कारखाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, शहराच्या पूर्व भागात आहेत. म्हणजे बाकीच्या शहरांतला दुकानदार टॉवेल विकत घेऊन त्यावर नाव छापतो, आपण टॉवेल विणतानाच त्यात नाव घालून घेऊ शकतो. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

टेरी टॉवेलवर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताचे छोटे छोटे लूप उभे असतात. पाणी शोषलं जातं ते त्या लूपमुळे. अशा उंचसखल पृष्ठभागावर शाई लावली तर ती फक्त लूपच्या टोकांना लागते. टॉवेल नवीन असताना अक्षर ठीक दिसतं. चार वेळा धुतला, लूप इकडे-तिकडे वाकले, की खालचं पांढरं डोकावतं आणि ‘साई’चं ‘सा’ उरतं. त्यामुळे टॉवेलवर नाव हवं असेल तर दोन मार्ग. एक म्हणजे टॉवेलच्या कडेला जी सपाट पट्टी असते, तिथे भरतकाम. दुसरा म्हणजे जकार्डवर विणूनच घेणं. जकार्ड मागावर ताण्याचे धागे हवे तसे वेगवेगळे वर उचलता येतात. पूर्वी कोणता धागा कधी उचलायचा हे भोकं पाडलेल्या पंचकार्डांच्या माळेवरून ठरायचं, आता बऱ्याच ठिकाणी ते इलेक्ट्रॉनिक झालंय. धागा उचलला तर रंग वर येतो, नाही उचलला तर खाली राहतो, आणि त्या चढउतारातून फूल, मोर किंवा तुमच्या लॉजचं नाव तयार होतं. ते नाव कापडाचाच भाग असतं. कापड फाटेल तेव्हाच ते जाईल.

पण विणकामाच्या अटीही समजून घ्या. सूत जाड असतं, त्यामुळे अक्षराची गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी तयार होते. इंग्रजी मोठी अक्षरं त्यात बरी निघतात. आपली देवनागरी नाजूक आहे. वेलांटी, रफार, अनुस्वार हे छोट्या आकारात विणले तर टिंब कुठलं आणि गाठ कुठली हे कळत नाही. म्हणून नाव मोठं आणि थोडक्यात ठेवा. पत्ता आणि मोबाइल नंबर विणायच्या भानगडीत पडू नका. दुसरं म्हणजे, दोन्ही बाजूंनी वापरायच्या जकार्ड चादरीवर उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल होते आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. ती चूक नव्हे, तो विणीचा स्वभाव आहे. गिऱ्हाईक विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आणि नवीन डिझाइन मागावर चढवायचा खर्च असतो, त्यामुळे कारखानदार पन्नास नगांसाठी माग थांबवणार नाही. एकट्याला परवडत नसेल तर एकाच गल्लीतले तीन-चार दुकानदार मिळून ऑर्डर देऊन बघा. कधी कधी जुळतं. कुणाचं नाव आधी, यावरून नाही जुळलं तर मात्र मी मध्ये नाही.

नॅपकिनवर माझा जास्त भरवसा आहे. पूर्ण टॉवेल महाग पडतो आणि पाहुण्यासाठी म्हणून कपाटात घडी करून ठेवला जातो. छोटा नॅपकिन मात्र स्वयंपाकघरात, गाडीच्या डॅशबोर्डवर, रिक्षावाल्याच्या गळ्यात, उसाच्या गुऱ्हाळावर, सगळीकडे राबतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. घाम पुसायला खिशात काहीतरी लागतंच.

छपाईच्या पद्धती, कामापुरत्या

छापखान्यात गेलात की स्क्रीन, डीटीएफ, सब्लिमेशन, लेझर असे शब्द अंगावर येतात. घाबरायचं कारण नाही. प्रत्येक पद्धतीमागे एक साधं कारण आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीत तुमच्या अक्षरांपुरती भोकं मोकळी ठेवतात आणि रबराच्या पट्टीनं शाई खाली ओढतात. एका रंगाला एक स्क्रीन. म्हणजे स्क्रीन करण्याचा खर्च एकदाच, मग कितीही नग छापा. रंग वाढले की स्क्रीन वाढतात. डीटीएफमध्ये आधी प्लास्टिकच्या फिल्मवर रंगीत छापून, मग ती उष्णतेनं कापडावर दाबतात. स्क्रीनचा खर्च नाही, हवे तेवढे रंग, पण दर नगामागे जास्त पैसे. सब्लिमेशनमध्ये रंग साधारण दोनशे अंश तापमानाला वाफ होऊन आत शिरतो, पण शिरतो तो पॉलिस्टरमध्ये किंवा तसा थर दिलेल्या मगात. शुद्ध सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर या, ते धुण्यात जाईल. काळ्या कापडावरही ते चालत नाही, कारण त्यात पांढरी शाईच नसते. स्टीलच्या बाटलीवर किंवा किल्लीच्या साखळीवर लेझर चांगलं, कारण ते कोरलं जातं, घासून निघत नाही. पेनच्या गोल अंगावर शाईचा मऊ पॅड टेकवून छापतात. कॅलेंडर आणि वह्या ऑफसेटवर.

भरतकामात दर टाक्यांवर ठरतो. अक्षरं जितकी भरीव तितके टाके जास्त. पहिल्यांदा डिझाइनचं पंचिंग, म्हणजे मशीनला टाके समजावणारी फाइल, करून घ्यायचे वेगळे पैसे लागतात. ती फाइल मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वेळी दुसरीकडे गेलात तरी पुन्हा पैसे भरावे लागू नयेत. शक्यतो लिहूनच घ्या, कारण नंतर ‘फाइल कॉम्प्युटरसोबत गेली’ असं ऐकायला मिळतं.

आता पैशाचं गणित. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, बाजारभाव विचारूनच घ्या. समजा कोरी कापडी पिशवी ३५ रुपयांना पडते. एका रंगाची स्क्रीन ५०० रुपये आणि छपाई नगाला ४ रुपये. पन्नास पिशव्या केल्या तर स्क्रीनचे १० रुपये प्रत्येकीवर बसतात, पिशवी ४९ ला पडते. पाचशे केल्या तर स्क्रीनचा एकच रुपया बसतो, पिशवी ४० ला. डीटीएफला स्क्रीन नाही, पण समजा नगाला १५ रुपये, म्हणजे पिशवी नेहमीच ५० ला. वीस पिशव्या हव्या असतील तर स्क्रीनची पिशवी ६४ ला जाते, तिथे डीटीएफ स्वस्त. पन्नासच्या आसपास दोन्ही सारखे. पुढे स्क्रीन. छापखानेवाला ‘नग वाढवा, दर कमी करतो’ म्हणतो तेव्हा तो फसवत नसतो, हे गणित सांगत असतो. पण तुम्हाला दीडशे गिऱ्हाइकं असताना पाचशे पिशव्या घेतल्या, तर नगामागे वाचलेले जेमतेम सव्वादोन रुपये साडेतीनशे पिशव्यांच्या गठ्ठ्यात अडकून पडतात. दुकान हलवलं किंवा नंबर बदलला की त्या पिशव्या घरात भाजी आणायला.

खर्च भरून निघतो का, हेही उलटं मोजून बघावं. मोटार दुरुस्तीवाल्याचंच उदाहरण घ्या. पाण्याचा तक्ता २५ रुपयांना पडला आणि दोनशे घरांत दिला, तर ५,००० रुपये. एका दुरुस्तीमागे त्याच्या हातात निव्वळ ४०० रुपये उरत असतील, तर तेरा दुरुस्त्या झाल्या की पैसे वसूल. दोनशे घरांतून वर्षभरात तेरा मोटारी? शक्य वाटतं. हेच गणित सोन्याच्या दुकानाला लावलं तर एका गिऱ्हाइकातच निघेल, आणि पाच रुपयांच्या चहाच्या टपरीला लावलं तर कधीच निघणार नाही. टपरीवाल्यानं स्वतःच्या गाड्याला रंग द्यावा, त्याची जाहिरात तीच.

फाइल, अक्षरं आणि चार भाषा

जास्तीत जास्त माल बिघडतो तो छपाईत नव्हे, त्याआधी. तुम्ही व्हॉट्सॲपवरून लोगोचा फोटो पाठवता. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. मोबाइलवर छान दिसणारा फोटो पिशवीवर मोठा केला की कडा दातेरी होतात. ज्यानं तुमची पाटी केली त्याच्याकडून लोगोची मूळ फाइल घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. अशा फाइलमध्ये आकार रेघांनी बांधलेले असतात, त्यामुळे पेनाएवढा करा की ट्रकएवढा, फाटत नाही. पाठवायची झाली तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं.

मराठीचा घोळ वेगळाच. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेलं ‘श्री’ दुसऱ्यावर उघडलं की ‘श’, ‘्’ आणि ‘री’ वेगळे होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. कारण जुन्या फाँटची अंतर्गत मांडणी आणि युनिकोड यांचं जमत नाही. उपाय सोपा आहे: मजकूर पक्का झाला की त्याचे कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्र होतं आणि कुठेही तसंच उघडतं. चांगला छापखानेवाला स्वतःच सांगतो, ‘मालक, जोडाक्षरं एकदा बघून घ्या, मग माझ्यावर नको.’ त्याचं ऐका. प्रूफ मोबाइलवर बघून ‘ओके’चा अंगठा पाठवू नका. एक नग छापून हातात घ्या, मोबाइल नंबर स्वतः डायल करून बघा. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, कारण स्वतःचं नाव आपण वाचत नाही, नुसतं ओळखतो.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बाजारात चालतात. पूर्व भागात गिऱ्हाईक जास्त असेल तर तेलुगूत एक ओळ घाला, अक्कलकोटकडून येणारं असेल तर कन्नडमध्ये. पिशवीवर आपली भाषा दिसली की माणूस थांबतो. पण त्या भाषेतलं प्रूफ त्या भाषेचा माणूसच तपासेल, एवढं बघा. उर्दूत तर सॉफ्टवेअर कच्चं असलं की अक्षरं सुटी होऊन डावीकडून उजवीकडे लागतात, आणि वाचणारा हसतो. चारही भाषा एकाच पेनवर कोंबू मात्र नका. पेनवर नाव आणि नंबर, बस.

जिथे कायदा आडवा येतो

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे नाव छापलेली प्लास्टिकची पिशवी म्हणजे दंडाची पावती स्वतःच्या नावानं छापून घेणं. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवीसुद्धा खरं तर प्लास्टिकचीच असते. केंद्राच्या नियमात ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) हलकी नॉन-वोव्हन पिशवी चालत नाही. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवरही (फ्लेक्स याच प्रकारात येतो) जुलै २०२२ पासून बंदी आहे. या कटकटीपेक्षा सुती पिशवी बरी. ती मंडईत जाते, धुता येते, आणि सोलापुरात कापडाला काय तोटा?

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा १९५० चा एक केंद्रीय कायदा आहे. त्याच्या यादीत अशोकस्तंभाबरोबर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांची नावं आणि चित्रंही आहेत. ती व्यापारी कामासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सवलत आहे, पण ते मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तरच. महाराजांचं चित्र वर आणि खाली ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या टाइल्स मिळतील’ हे त्या सवलतीत बसत नाही. सगळीकडे दिसतं म्हणून ते नियमात आहे असं नाही. राष्ट्रध्वजही जाहिरातीत वापरायचा नाही. क्रिकेटपटू आणि नट-नट्यांचे इंटरनेटवरून उचललेले फोटो हा तर उघड धोका.

देवाच्या चित्राला तशी बंदी नाही, पण विचार करून छापा. कॅलेंडरवर ठीक, फाडून टाकायला कुणी धजावत नाही. पिशवीवर मात्र नको. पिशवी जमिनीवर ठेवली जाते, तिच्यात अंडी-मासे येतात, शेवटी तिचं पायपुसणं होतं. भाविक गिऱ्हाईक ती वापरणारच नाही, घडी करून ठेवून देईल. म्हणजे जाहिरात बंद.

आता जीएसटी. भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावर तुम्ही खरेदीत भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, असं केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये आहे. ५०,००० रुपयांच्या वस्तूंवर १८ टक्के कर असेल तर ९,००० रुपये खर्चातच धरा, परत येतील असं समजू नका. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या उलाढालीवर ठरावीक कर भरायच्या योजनेत, असाल तर प्रश्नच नाही, तुम्हाला तसंही क्रेडिट नसतं. ‘एकावर एक मोफत’ या प्रकाराचा हिशेब वेगळा बसतो, तिथे ती भेट न धरता एकाच किमतीत दोन वस्तू विकल्या असं धरतात. आपल्या सीएला विचारून योजना आखलीत तर फायदा होईल. आयकरात हा खर्च जाहिरातीचा म्हणून दाखवता येतो, फक्त बिल पक्कं हवं. ‘चिठ्ठीवर दिलं’ चालत नाही.

केव्हा द्यायचं

दिवाळीला सगळेच देतात, म्हणून तुमचं हरवतं. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ मला जास्त आवडतो. घरोघरी हळदीकुंकू असतं, बायका वाण लुटतात, आणि वाण म्हणून घेतलेली वस्तू जपून वापरली जाते. ब्यूटी पार्लर, बुटीक, पापड-मसाल्याचा घरगुती धंदा असणाऱ्या ताईंनी नाव भरलेला छोटा बटवा किंवा मसाल्याचा चमचा वाण म्हणून द्यावा. फक्त नाव बारीक, कोपऱ्यात. हळदीकुंकवात जाहिरात मोठी दिसली की वाणाची शोभा जाते आणि पुढच्या वर्षी बायका येतात पण बोलतात.

वस्तू कामाला आली का, हे कळायला मोठं काही लागत नाही. जुन्या मोबाइलमधलं दुसरं सिम जिवंत ठेवा आणि त्याचाच नंबर त्या वस्तूवर छापा. त्या फोनवर कॉल आला की तो तक्त्यावरून किंवा पिशवीवरून आलाय हे आपोआप कळतं. व्हॉट्सॲपवर नेणारा क्यूआर कोड छापायचा असेल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, सपाट जागेवरच हवा आणि गडद कोड फिकट रंगावर. पेनच्या गोलाईवर किंवा टॉवेलच्या लूपवर तो कधीच उघडणार नाही. हे काहीच जमत नसेल तर काउंटरवर एक वही ठेवा आणि नवीन गिऱ्हाइकाला विचारा, ‘आमचा पत्ता कसा लागला?’ उत्तर लिहून ठेवा. वर्षाच्या शेवटी त्यात पिशवीचं नाव किती वेळा आलंय ते बघा, मग पुढची ऑर्डर द्या.

आणि ऑर्डर वेळेत द्या. कॅलेंडर, वह्या, डायऱ्या यांच्यासाठी गणपती गेले की छापखान्यात जा. दसऱ्यानंतर तिथे लग्नपत्रिकांची आणि दिवाळीच्या कामाची रांग लागते. वाणाच्या वस्तूंना नोव्हेंबर. विणून घ्यायच्या टॉवेलला त्याहून आधी, आणि कारखान्यात जाताना सुताच्या रंगाचा नमुना खिशात ठेवा, कारण मोबाइलच्या पडद्यावरचा मरून आणि शेडकार्डावरचा मरून हे दोन वेगळे रंग असतात.